ओढलं की वर जाणारं हेलिकॉप्टर

मी पहिलं हेलिकॉप्टर बघायला गेले तेव्हा माझ्या गळ्यात पट्टा होता. डॉक्टरांनी दिलेला, फोमचा, बदामी रंगाचा. दुकानदाराने आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्यामागे कुणी लहान मूल उभं आहे का ते पाहिलं.

"किती वर्षांचं आहे बाळ?" त्याने विचारलं.

"छप्पन्न," मी म्हटलं.

तो हसला, मी हसले नाही. हसायला हरकत नव्हती खरं तर. पण त्या दिवसांत मला कुणी "चहा घेणार का?" असं विचारलं तरी राग यायचा.

रागाचं कारण सांगते. मी येवल्याची. लग्न होऊन नाशिकला आले, सिडकोत घर झालं, पुढच्या खोलीत शिवणयंत्र आलं आणि तेव्हापासून मी ब्लाउज शिवते आहे. पण येवल्याची मुलगी कुठेही नांदायला गेली तरी संक्रांत आली की तिला माहेर सुचतं, आणि ते काही तिळगुळासाठी नाही. आमच्या गावात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस जमिनीवर कुणी सापडत नाही. सगळं गाव गच्चीवर असतं, हलकडी हे आमचं तालवाद्य वाजत असतं आणि आभाळात पतंगाला पतंग घासत असतो. बायकाही उडवतात. मी तर अशी उडवायची की शेजारच्या गच्चीवरचे लोक माझी आसारी, म्हणजे मांज्याची चक्री, फिरताना दिसली की आपला पतंग लांब न्यायचे. ही बढाई आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

मग मान गेली. वर्षानुवर्षं यंत्रावर वाकून मणके झिजले. मान मागे टाकली की डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि गच्चीवर अंधारी येणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. डॉक्टर म्हणाले, "खाली वाकून काम कमी करा. आणि मान मागे टाकून वर बघणं तर बंदच. पतंगबितंग विसरा आता."

"मी येवल्याची आहे, डॉक्टर."

"मणक्याला गाव नसतं," ते म्हणाले.

त्या संक्रांतीला माहेरी गेले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात धाकटा भाऊ आडवा आला. म्हणाला, "ताई, तू खालीच बस. उगी चक्कर आली म्हंजे? वर आम्ही हायेत ना." त्याचं काही चुकलं नव्हतं. तो काळजीनेच बोलला. पण मी खाली बसून गुळपोळ्या भाजत राहिले, वरून आरोळ्या ऐकू येत राहिल्या, आणि मला रडूच कोसळलं. माझ्या हातांना काय झालं होतं? हात तर होते तसेच होते, शहाणे, चपळ. बिघडली मान आणि शिक्षा मिळाली हातांना. यापुढे आयुष्यभर दुसऱ्यांनी उडवलेलं ऐकत बसायचं, हे मला मान्य नव्हतं. मला माझ्या हाताने हवेत काहीतरी धरून ठेवायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

हेलिकॉप्टर माझ्या डोक्यात आलं ते नवऱ्यामुळे, आणि त्याचा त्यांना पुढे फार पश्चात्ताप झाला. एका रविवारी सकाळी मन रमावं म्हणून त्यांनी मला स्कूटरवरून शहराबाहेरच्या एका माळावर नेलं. तिथे काही हौशी मंडळी छोटी विमानं उडवतात. विमानं वर होती, ती मला बघता येईनात. पण एका बाजूला एक वयस्कर गृहस्थ हातात रिमोट घेऊन उभे होते आणि त्यांच्यासमोर, बरोबर छातीच्या उंचीवर, एक हेलिकॉप्टर हवेत थांबलेलं होतं. पुढे नाही, मागे नाही. त्यांची मान सरळ होती, अगदी आरशात बघावं तशी. मी तिथेच नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"काय झालं? चक्कर आली?" त्यांनी घाबरून विचारलं.

"मला ते पाहिजे," मी म्हटलं.

"आधी मान गेली, आता डोकं," नवरा म्हणाला.

घरी आल्यावर पुण्याला मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, हेलिकॉप्टर कशाला? ड्रोन घे. शिकावं लागत नाही. हात सोडलास तरी तो जागच्या जागी उभा राहतो."

"मग त्याला माझी गरज काय?" मी म्हटलं, आणि ड्रोन तिथेच बाद झाला.

म्हणून त्या दुकानात गेले होते. दुकानदाराने दाखवलेलं हेलिकॉप्टर लहान आणि गोजिरवाणं होतं. वर एकावर एक असे दोन पंखे, उलटसुलट फिरणारे, त्यामुळे ते डुगडुगत नाही. उंचीही आपली आपण धरून ठेवतं. "नवशिक्यांनी हेच घ्यावं," तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्याने रिमोट माझ्या हातात दिला, मी बटण दाबलं, ते वर गेलं आणि थांबलं. मी काही केलं तर थोडं हलायचं, नाही केलं तर नुसतंच उभं राहायचं. मुलीच्या ड्रोनचंच धाकटं भावंड. मी विचारलं, "पातं तुटलं तर?" तो म्हणाला, "याचे पार्ट येत नाहीत. नवीनच घ्यावं लागतं." हे ऐकून मी ते लगेच काउंटरवर ठेवलं. इतकी वर्षं यंत्राशी संसार केल्यावर मला एक गोष्ट पक्की माहीत आहे. ज्या यंत्राची बॉबिन केस बाजारात मिळत नाही, ते यंत्र कुणी फुकट दिलं तरी घरात घेऊ नये.

पुढच्या रविवारी मी स्वतःच नवऱ्याला माळावर घेऊन गेले आणि थेट त्या वयस्कर गृहस्थांसमोर उभी राहिले. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, मीही म्हणायला लागले. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते माझ्या पट्ट्याकडे बघून हसले नाहीत, म्हणून मला ते पहिल्याच दिवशी आवडले. हातभर लांब पात्यांचं मोठं हेलिकॉप्टर त्यांनी मला हातही लावू दिलं नाही. "हे बोट तोडतं," म्हणाले. "पहिलं हेलिकॉप्टर लहान घ्यायचं. वर एक पंखा, शेपटाला एक. सुटे भाग मिळतील असं. आणि घ्यायच्या आधी कॉम्प्युटरवर पाडायचं. तिथे कितीही पाडलं तरी काही तुटत नाही."

त्यांनी मला लॅपटॉप, त्याला जोडायचा रिमोट आणि सरावाचा खेळ दिला. पडद्यावर हिरवं मैदान, मैदानात हेलिकॉप्टर. उजव्या दांडीने ते पुढेमागे आणि बाजूला जातं. डावी दांडी बाजूला नेली की तोंड फिरवतं. आणि तीच डावी दांडी पुढे ढकलली की वर, आपल्याकडे ओढली की खाली. बास, एवढंच.

मी पाडलं. पुन्हा उडवलं, पुन्हा पाडलं. रोज दुपारी ब्लाउजांची कापडं बाजूला सारून मी बसायचे आणि पाडायचे. गंमत म्हणजे शांतपणे उडवत असले की सगळं ठीक चालायचं. पण हेलिकॉप्टर जरा खाली घसरलं की माझा डावा अंगठा आपोआप दांडी ओढायचा, जोरात, आपल्याकडे. आणि ते दगडासारखं खाली आदळायचं. मला कळतच नव्हतं की माझा हात असा मूर्खपणा का करतो.

कळलं ते नवऱ्यामुळेच. मागे उभं राहून ते बघत होते. म्हणाले, "अगं, तू पतंग उडवते आहेस."

खरंच की! पतंग खाली यायला लागला की काय करतात? खेचतात. दोर आपल्याकडे ओढला की तो ताणतो, वारा धरतो आणि चढतो. दोर पुढे सोडला, म्हणजे ढील दिली, की तो मागे सरत खाली जातो. लहानपणापासून माझ्या हाताला एवढंच ठाऊक होतं, की पडत असेल तर ओढ. आणि हेलिकॉप्टर म्हणत होतं, पडत असेल तर ढकल. त्या माळावरच्या कुठल्याही माणसाला ही अडचण आली नव्हती, कारण त्यांच्यात येवल्याचं कुणी नव्हतं.

"सवय जाईल," साहेब म्हणाले. "सगळ्यांच्या सवयी जातात."

माझी गेली नाही. मी स्वतःला बजावलं, अंगठ्याला दटावलं, तोंडाने "ढकल, ढकल" असं म्हणत उडवलं. शेजारीण एकदा ते ऐकून डोकावून गेली. पण घसरण अचानक आली की डोक्याच्या आधी हात पुढे व्हायचा, आणि हात ओढायचाच. एका दुपारी मी लॅपटॉप मिटला आणि नवऱ्याला म्हटलं, "परत देऊन या. हातही गेले माझे." एरवी टोमणा मारायची संधी न सोडणारा माणूस गप्प बसला, तेव्हा मला माझीच दया आली आणि त्याहून जास्त संताप आला.

त्याच संध्याकाळी एक जुनी गिऱ्हाईक आली. तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि हात मागे जात नव्हता. मागच्या हुकांचे सगळे ब्लाउज तिला निकामी झाले होते. ती अगदी ओशाळून म्हणाली, "माझ्यामुळे तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला?" मी म्हटलं. "हुक पुढे घेते. ब्लाउज तुमच्यासाठी आहे, तुम्ही ब्लाउजसाठी नाही."

आणि ते बोलता बोलता माझ्या हातातली टेप तशीच राहिली. गेल्या इतक्या वर्षांत मी एकाही बाईला "हाताची सवय जाईल" असं सांगितलं नव्हतं. जिचा जसा हात, तसा तिचा ब्लाउज. मग माझ्याच हाताला मी का दटावत होते? हुक पुढे घेता येतात, तर दांडी उलटी का करता येऊ नये?

बाई गेल्यावर मी साहेबांना फोन लावला. "साहेब, ओढलं की वर आणि ढकललं की खाली, असं रिमोटला सांगता येतं का?"

त्यांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग ते म्हणाले, "कुणी करत नाही तसं."

"करता येतं का, ते सांगा."

"चांगल्या रिमोटमध्ये येतं. दिशा उलटी करायची सोय असते. पण ताई, धोका आहे. उद्या तुम्ही अडचणीत आलात तर तुमचा रिमोट हातात घेऊन वाचवायला कुणी येऊ शकणार नाही. ज्याच्या हातात जाईल तो ते जमिनीवर आपटेल."

"कुणी वाचवावं म्हणून मी घेतच नाहीये," मी म्हटलं.

मी आता त्यांच्या नकाराची वाट बघत होते आणि मनात भांडणाची तयारी करत होते. पण ते हळूच म्हणाले, "एक सांगू? खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये पायलटच्या डाव्या हाताशी एक दांडा असतो. वर जायचं असलं की तो वर ओढतात. ढकलत नाहीत." मग स्वतःशीच हसले. "म्हणजे उलटे आम्हीच आहोत म्हणायचं."

त्या फोननंतर माझी निवड सोपी झाली. बाकीचे लोक हेलिकॉप्टर आवडलं की त्याच्यासोबत येईल तो रिमोट घेतात. मी आधी रिमोट निवडला, ज्याची दिशा उलटी करता येईल असा, आणि मग त्याच्याशी जुळणारं हेलिकॉप्टर. लहानसं, वर एक पंखा, शेपटाला एक, पाती सुटी मिळणारी. उंची आपली आपण धरून ठेवणारं मुळीच नको होतं. मी सोडलं तर ते पडलं पाहिजे, अशी माझी अट होती. साहेबांनी स्वतः बसून दिशा उलटी करून दिली आणि दांडी आधी पूर्ण पुढे ढकलल्याशिवाय पंखा सुरू होणार नाही याची दोनदा खात्री करून घेतली. एका बाजूला जरा झुकत होतं, तर एक बटण दाबून ते सरळ केलं. हे मला न शिकवता कळलं. एका अंगाला झुकणाऱ्या पतंगाच्या दुसऱ्या अंगाला आम्ही चिंधी बांधायचो.

आमच्या सोसायटीचा खालचा हॉल सकाळी रिकामा असतो. खिडक्या लावल्या की वाऱ्याची झुळूक नाही. साहेब भिंतीशी उभे, नवरा दारात. मी हेलिकॉप्टर फरशीवर ठेवलं, शेपूट माझ्याकडे करून, चार पावलं मागे आले आणि दांडी हळूहळू ओढायला लागले. पंख्याचा आवाज वाढला, फरशीवरची धूळ बाजूला झाली आणि ते उचललं गेलं. गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं. तिथे ते डगमगलं आणि एकदम खाली घसरलं.

हाताने ओढलं, मी नाही. मला तर विचार करायलाही वेळ मिळाला नव्हता. अंगठा आला माझ्याकडे आणि हेलिकॉप्टर जमिनीला टेकता टेकता वर चढलं, छातीपर्यंत आलं आणि माझ्या डोळ्यांसमोर थरथरत उभं राहिलं. माझी मान सरळ होती. गळ्यात पट्टा होता, पण तो आहे हेसुद्धा मी विसरले होते. मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही, पण मोठ्याने काहीतरी ओरडले खरी, कारण वरच्या मजल्यावरचे लोक काय झालं म्हणून जिना उतरून आले.

उतरवल्यावर साहेबांनी रिमोट मागितला. एवढी वर्षं उडवणारा माणूस, त्यांना राहवलं नाही. त्यांनी ते वर नेलं, ते जरा घसरलं, त्यांनी सवयीने ढकललं आणि धाडकन फरशीवर. मग नवऱ्याने हट्ट केला. त्यांनीही आपटलं. पाती माझ्याजवळ होतीच, बदलायला वेळ लागला नाही. साहेब म्हणाले, "सांगितलं होतं. हे तुमच्याशिवाय कुणाला उडवता येणार नाही." मी तोंडावर फार आनंद दिसू दिला नाही. पण घरी जाऊन शिरा केला.

पुढे सराव वाढला. तोंड माझ्याकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं, तेही शिकले. आणि भोगीला हेलिकॉप्टर साड्यांच्या खोक्यात घालून येवल्याला घेऊन गेले.

दुपारी सगळे जेवायला खाली आले तेव्हा मी भावाच्या मोठ्या हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावायला सांगितल्या. गच्चीवरून उतरलेली माणसं, नाकं उन्हाने लाल झालेली, बोटांना चिकटपट्ट्या, कडेने उभी राहिली. मी उडवलं. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, वळवलं, परत आणलं आणि ताटं मांडलेल्या टेबलाच्या अलीकडे हवेत धरून ठेवलं. सगळे माझे अंगठे बघत होते. येवल्याच्या माणसाला हात कळतो.

भावाला धीर निघेना. "ताई, दे ना इकडं. एकदाच."

मी त्याला सांगितलं, साहेबांनी आपटलंय, तुझ्या भाओजींनी आपटलंय. तो कसला ऐकतोय! त्याने रिमोट घेतला, दांडी ओढली आणि ते उचललं गेलं. मग ते घसरलं. मी डोळे मिटणार तेवढ्यात त्याच्या अंगठ्याने ओढलं आणि हेलिकॉप्टर वर चढलं! मी बघतच राहिले. त्याला मी एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. साहेबांचं म्हणणं खोटं ठरलं होतं. ते हेलिकॉप्टर एकट्या माझ्या हातापुरतं नव्हतं, ते आमच्या सगळ्या गावाच्या हातापुरतं होतं.

भाऊ खूश झाला. "लय सोपं हाय की!" म्हणाला आणि जोरात पुढे नेलं. तिथे ते गर्रकन फिरलं आणि त्याचं तोंड भावाकडे झालं. त्याने डावीकडे न्यायला पाहिलं तर ते उजवीकडे जायला लागलं, भिंतीकडे, वेगाने. त्याच्या कपाळावर घाम आला.

आमच्याकडे पेच अंगावर आला आणि आवरेनासा झाला की उडवणारा लाजत नाही. तो दोर दुसऱ्याला देतो. पण कुणालाही नाही. त्या वेळी गच्चीवर ज्याचा हात सगळ्यात भरवशाचा असेल, त्यालाच.

हॉलमध्ये तेव्हा सगळ्या गल्लीतले नामांकित उडवणारे उभे होते. भावाने त्यांच्यातल्या एकाकडेही पाहिलं नाही.

"ताई, घे! घे लवकर!" तो ओरडला आणि उडतं हेलिकॉप्टर हवेत असतानाच त्याने रिमोट माझ्या हातात कोंबला.

मी घेतला. उजव्या अंगठ्याने भिंतीपासून ओढून काढलं, डाव्याने वर घेतलं, शेपूट माझ्याकडे फिरवलं आणि हॉलच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं केलं. मग इतका आरडाओरडा झाला की शेजारच्या गच्चीवरच्यांना वाटलं, आमच्या घरच्यांनी जेवण सोडून कुणाचा तरी पतंग कापला.

भाऊ घाम पुसत जवळ आला आणि त्याने हात पुढे केला. म्हणाला, "आता जमंल मला. दे."

रिमोट मी त्याला परत दिला नाही.